दिवा की मल्टीमीटर: घरी बांधलेल्या विमानातील विद्युत दोष शोधताना

घरी बांधलेल्या दोन आसनी विमानाच्या पॅनेलवरील एखाद्या मापकाचा काटा मधूनच खाली पडू लागला, तर प्रथम हाती काय घ्यावे, डिजिटल मल्टीमीटर की ट्रॅक्टर-जीपचे वायरिंग करणारे कारागीर वापरतात तो दोन तारांचा टेस्ट लॅम्प, म्हणजेच दिवा, असा प्रश्न हल्ली नव्याने बांधणी सुरू केलेल्या दोन परिचितांनी मला विचारला. दोन्ही साधने मी वापरलेली आहेत आणि दोन्ही आजही माझ्या पेटीत आहेत. तरीही माझा कल एका बाजूला झुकलेला आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

माझे विमान यवतमाळ जिल्ह्यात, पऱ्हाटीच्या शेताच्या धुऱ्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये उभे असते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, पुढे रोटॅक्स ९१२ इंजिन. कागदपत्रे पूर्ण व्हायची असल्याने सध्या ते जमिनीवरच इंजिन चालवून पाहण्याच्या टप्प्यात आहे. शेडचा उरलेला अर्धा भाग शेतीचा असल्याने पावसाळ्यात विमानाच्या शेपटीजवळ युरियाची पोती रचलेली असतात, आणि या पोत्यांचा पुढील हकिकतीशी संबंध आहे.

भाद्रपदात एकदा तेलाच्या दाबाचा व तापमानाचा, असे दोन्ही काटे इंजिन चालू असताना एकाच वेळी खाली पडू लागले. दोन्ही मापकांना वीज एकाच तारेने जाते, त्यामुळे संशय तिथेच घ्यायला हवा होता, आणि मी तो घेतलाही. पॅनेलमागे जागा इतकी अपुरी आहे की जोडलेल्या टर्मिनलला मीटरची सुई टेकवता येत नाही. म्हणून तार काढून तिच्या मोकळ्या टोकावर मोजले, तर मीटरने १२.६ व्होल्ट दाखवले, म्हणजे बॅटरीचा पूर्ण दाब. वीज येते आहे, तेव्हा दोष पुढे असणार, या समजुतीने मी आधी मापक बदलला, मग नागपूरला सीताबर्डीला जाऊन सेन्सरच्या तारांसाठी नवे टर्मिनल आणले, तीन रविवार घालवले, आणि काटे पडतच राहिले.

शेवटी ट्रॅक्टरचा सेल्फ दुरुस्त करायला आलेल्या तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सहज म्हणून त्याच मोकळ्या टोकाला आपला दिवा लावला. दिवा पेटला नाही. मी त्याला मीटरवरचा आकडा दाखवला, तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘‘भाऊ, मीटरले काय इचारता, दिव्याले इचारा.’’ दहा मिनिटांत त्याने फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधील पत्र्याजवळच्या) टेपखालील क्रिम्प, म्हणजे तारेवर दाबून बसवलेला जोड, उघडला. आत हिरवा गंज चढून तारेचे बहुतेक पदर तुटलेले होते. दमट हवेत युरियातून सुटणारा अमोनिया तांब्या-पितळेचा वैरी आहे, हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असायला हवे होते.

मीटर खोटे बोलले नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. साधारण डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो, म्हणून ते तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. वाटेत गंजामुळे ५ हजार ओहमचा अडथळा असला तरी आकड्यात फरक पडत नाही. ५ वॅटचा तंतूचा दिवा मात्र सुमारे ०.४ अँपिअर मागतो, आणि तेवढा प्रवाह गंजलेल्या जोडातून येऊ शकत नाही. मापक जोडलेला असताना, म्हणजे भार चालू ठेवून, मीटरने मोजता आले असते, तर त्यानेही दोष दाखवला असता. परंतु लहान विमानाच्या पॅनेलमागे तसे मोजता येणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे, आणि माझ्या दृष्टीने निर्णय या एका त्रासावर झाला.

मधूनमधून होणारा शॉर्ट शोधतानाही मला दिव्याचाच उपयोग अधिक झाला आहे. सतत उडणाऱ्या फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब बसवला, की शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपासच राहतो. मग तारांचा जुडगा ठिकठिकाणी हलवत जावे, ज्या जागी बल्ब मंदावतो त्या जागी दोष असतो. मीटरच्या कंटिन्यूइटी बझरने (तार सलग असली की वाजणाऱ्या बझरने) हेच करायला गेल्यास नॅव्हिगेशन दिव्याचा थंड तंतूच इतका कमी रोध दाखवतो की धडधाकट सर्किटवरही बझर वाजतो.

याउलट काही कामे दिव्याच्या आवाक्याबाहेरची आहेत. स्ट्रोब (लुकलुकणारा दिवा) लावताच तेलाच्या तापमानाचा काटा वर सरकत असे, तेव्हा इंजिनचा ब्लॉक आणि मापकाचे अर्थिंगचे टर्मिनल यांमध्ये मीटर लावले. सगळे दिवे चालू असताना ०.३ व्होल्ट मिळाले. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असल्याने त्याचे अर्थिंग केवळ एका विणीच्या पट्टीवर अवलंबून असते, आणि त्या पट्टीचा बोल्ट रंगावरच आवळलेला होता. इतका सूक्ष्म फरक दिवा कधीही सांगणार नाही. चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास आहे की बॅटरीच रिकामी होत आहे, हेही दिव्याला कळत नाही. दाबाच्या जुन्या प्रकारच्या सेन्सरचा रोध १० ते १८४ ओहमच्या दरम्यान बदलतो, त्याची खात्री मीटरनेच होते. एक्झॉस्टचे तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचे तर मिलिव्होल्ट असतात. सेन्सरच्या, रेडिओच्या किंवा पडद्याच्या उपकरणांच्या सिग्नल तारांना दिवा लावूच नये, कारण त्याचा ०.४ अँपिअर तिथे घातक ठरू शकतो.

घरी मोटारपंपासाठी टोंग टेस्टर (तारेभोवती चिमटा धरून प्रवाह मोजणारे साधन) असेल तर तो चालेल का, असेही विचारले गेले. स्वस्त टोंग टेस्टर बहुधा फक्त एसी प्रवाह मोजतात आणि विमानात सगळा डीसी असतो, म्हणून त्याचा विचार इथेच सोडावा.

उन्हाचा मुद्दा काहींना क्षुल्लक वाटेल. वैशाखात, पारा ४५ अंशांपुढे असताना, पारदर्शक छताखालच्या (कॅनोपीखालच्या) कॉकपिटमध्ये ठेवलेल्या माझ्या मीटरचा पडदा एकदा संपूर्ण काळा पडला होता. सावलीत आणल्यावर तो पूर्ववत झाला. दिवा मात्र उन्हात हाताच्या ओंजळीत धरून पाहावा लागतो, तेव्हा या बाबतीत दोघांनाही पैकीच्या पैकी गुण देता येणार नाहीत.

काम कोणत्याही साधनाने करा, विमानाच्या पंख्यापासून (प्रोपेलरपासून) दूर राहून करा. या इंजिनचे इग्निशन बॅटरीवर चालत नाही आणि ते बंद होते ते स्विचने त्याची तार अर्थिंगला जोडल्याने; ती तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही पंखा फिरू शकतो, आणि त्या तारेला दिवाही लावू नये.

दोन्ही घेणे शक्य नसेल, तर मी संकोचाने का होईना, आधी दिवा घ्यायला सांगेन. मात्र तो तंतूच्या बल्बचाच असावा, कारण दुकानात मिळणारे एलईडीचे टेस्टर इतका कमी प्रवाह घेतात की गंजलेल्या तारेवर तेही मीटरसारखेच पेटून दाखवतात. माझा दिवा ५ वॅटच्या बल्बचा, तीन हात लांब तारेचा आणि एका टोकाला मगरचिमटा असलेला आहे. तो त्या इलेक्ट्रिशियननेच बांधून दिला, आणि युरियाची पोती आता गावातल्या कोठ्यात असतात.