गुहागरचा होमस्टे, मागच्या पडवीची खोली आणि आळिवाचा लाडू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे. ज्यांना फक्त स्वच्छता आणि जेवण बघायचंय त्यांच्यासाठी: घर एकदम स्वच्छ, जेवण शाकाहारी आणि फार चविष्ट, समुद्र चालत सात-आठ मिनिटं. बाकीचं मी अशा कुणासाठी तरी लिहितेय जिला घरचे म्हणतायत चल जरा बाहेर पडू, तुला बरं वाटेल, आणि तिला हो म्हणायची पण ताकद नाहीये.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं बाळ गेलं. दहावा आठवडा चालू होता, सोनोग्राफीत ठोकेच मिळाले नाहीत आणि दोन दिवसांनी क्युरेटिंग झालं. डॉक्टरांनी बसवून नीट सांगितलं की पहिल्या तीन महिन्यांत पडतात त्यातले निम्मे तरी गुणसूत्रांच्या गडबडीने पडतात, तुझ्या खाण्याने, चालण्याने, गाडी चालवण्याने काही झालेलं नाही. ऐकताना पटलं, पण रात्री मी परत मोजत बसायचे की कुठल्या दिवशी स्कूटर काढली होती, कुठल्या दिवशी जिना दोनदा चढले. चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडून कामाला पण बसले होते. मग माझ्या मैत्रिणीने सांगितलं की मॅटर्निटी बेनिफिटच्या कायद्यात गर्भपातानंतर ६ आठवडे पगारी रजा आहे, डॉक्टरांचा कागद लावायचा, बस. मला माहीतच नव्हतं, ऑफिसमध्येही कुणी आपणहून सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतेय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

तर त्या रजेचा शेवटचा आठवडा, संक्रांत नुकतीच झालेली, आणि आम्ही पुण्याहून दोन गाड्या घेऊन निघालो. आम्ही दोघं, सासू-सासरे, नणंद, तिचा नवरा, त्यांचं सात महिन्यांचं बाळ, आणि माझी तीच मैत्रीण तिच्या नवऱ्यासोबत. नणंदेने आधी मला वेगळा फोन केला होता, म्हणाली वहिनी, खरं सांग, मी बाळाला घेऊन आले तर तुला त्रास होईल का, होत असेल तर मी यावेळी नाही येत, मला अजिबात राग येणार नाही. मी म्हणाले ये, पण मधेच उठून गेले तर मला शोधायला येऊ नका. ती म्हणाली ठरलं. एवढं सरळ त्या महिन्याभरात मला कुणी विचारलं नव्हतं गं, बाकी सगळे एकतर विषय टाळत होते नाहीतर "होईल परत" म्हणत होते.

रस्ता उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटातून चिपळूण आणि पुढे गुहागर. बाळासाठी थांबत थांबत सात तास लागले. चिपळूणनंतर वळणं बरीच आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊन बसा.

आता घर. जुनं कौलारू, पुढे अंगण, ओटीवर झोपाळा, मागे माडा-पोफळीची वाडी. तीन खोल्या पुढच्या बाजूला आहेत आणि चौथी मागच्या पडवीला लागून, तिचं दार थेट वाडीत उघडतं. बुकिंग करताना सासूबाईंनीच होमस्टे चालवणाऱ्या काकूंना फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं, मला नंतर कळलं. पोचल्यावर काकूंनी काही न विचारता माझी बॅग उचलून मागच्या खोलीत ठेवली आणि म्हणाल्या, "इथे पुढचा आवाज येत नाही, दार लावून घेतलंस तरी कुणी वाजवणार नाही, जेवायला यावंसं वाटलं तर ये, नाहीतर ताट इकडे आणते." मी पहिल्या दुपारी दार लावून दोन तास रडले आणि झोपले, आणि खरंच कुणीही वाजवलं नाही.

संध्याकाळी उठून ओटीवर आले तर बाकी सगळे समुद्रावर गेलेले. काकूंनी वाटीत गुरगुट्या भात, मेतकूट, वर तूप असं आणून दिलं आणि शेजारी बशीत एक लाडू ठेवला. आळिवाचा. दिवस गेले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं आळीव आत्ता नको, तो नंतर, बाळंतपणात. माझ्या डोक्यात तो लाडू जुलैचा होता, तो जानेवारीतच समोर आला आणि मला घासच उतरेना. काकू झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि म्हणाल्या, "कच्चं बाळंतपण म्हणजे पण बाळंतपणच गं. उलट जास्त जपावं लागतं. कंबर दुखते का तुझी?" दुखत होती. महिनाभर दुखत होती आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं कारण मला वाटायचं माझ्याकडे दाखवायला बाळ नाही तर मी बाळंतीण कशाची. त्यांनी तीन दिवस मला रोज एक लाडू दिला, आणि रात्री गरम पाण्याची पिशवी. हे कुठल्या रेट कार्डमध्ये नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळाच्या रसात बुडवलेले घावणे, दुपारी डाळिंब्यांची उसळ आणि आमसुलाचं सार, रात्री कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. माझ्या सासऱ्यांनी उसळ तीनदा मागून घेतली. मंडळी हेदवीला जाऊन आली, दशभुज गणपती बघितला, बामणघळीला मात्र भरती असतानाच जा, तेव्हाच पाणी घळीतून वर उसळतं, आमच्या लोकांनी वेळ चुकवली. मी आणि मैत्रीण गेलो नाही. आम्ही सुरूच्या बनातून चालत किनाऱ्यावर गेलो, मोठाच्या मोठा किनारा, माणूस जवळपास नाही. पायापुरतं पाणी घेतलं. तिथे ती कॉलेजच्या गॅदरिंगचं काहीतरी सांगायला लागली आणि मी इतकी हसले, पोट धरून, आणि हसता हसता एकदम असं वाटलं की मी हसतेय म्हणजे मी विसरले का त्याला. तोंडातून निघालं पण तसंच. ती फक्त म्हणाली, "तू हसताना पण मला म्हणालीस ना, म्हणजे नाही विसरलीस." परत येताना आम्ही त्याच्याबद्दलच बोललो, नाव काय ठरवलं होतं ते पण तिला सांगितलं. नवऱ्याशिवाय पहिल्यांदाच कुणाला तरी.

आणि बोरन्हाण. नणंदेने बाळाचं बोरन्हाण माझ्यासाठी म्हणून केलंच नव्हतं, रथसप्तमीपर्यंत चालतं बघू म्हणत पुढे ढकललं होतं. तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले इथेच करूया. काकूंनी तासाभरात बाजारातून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या जमवल्या, शेजारच्या वाडीतली पोरं बोलावली. हलव्याचे दागिने नव्हते, तर काकूंनी अबोलीचा गजरा गुंडाळून त्याला मुकुट केला. आमच्या नात्यातल्या एक बाई फोनवर सासूबाईंना म्हणाल्या होत्या की हिला सध्या ओवाळायला पुढे करू नका, ते माझ्या कानावर आलेलं, म्हणून मी मागे पडवीच्या खांबाला टेकून उभी होते. काकूंनी निरांजन लावून ताम्हन थेट माझ्यासमोर धरलं. "मामी आधी." सासूबाई म्हणाल्या हो, तीच आधी. मी ओवाळलं, हात थरथरत होते, आणि बाळाने निरांजनाकडे बघून खदाखदा हसायला सुरुवात केली. मग डोक्यावर बोरं पडली, पोरं तुटून पडली, माझ्या नवऱ्याने सुद्धा पोरांमध्ये घुसून रेवड्या गोळा केल्या आणि तो डिसेंबरनंतर पहिल्यांदा मोठ्याने हसला. मी नंतर जाऊन अर्धा तास मागच्या खोलीत बसले. दोन्ही खरं होतं.

आता कमी काय ते पण सांगायला पाहिजे. गाद्या पातळ आहेत, पाठीचा त्रास असेल तर जास्तीची मागून घ्या, देतात. मागच्या खोलीचं बाथरूम बाहेर आहे, रात्री चार पावलं अंगणातून जावं लागतं. नेटवर्क धड येत नाही म्हणून ऑनलाईन पेमेंट अडकतं, कॅश न्या. आम्हाला राहणं आणि जेवण धरून माणशी दिवसाला १८०० पडले.

काकूंना बुकिंगच्या वेळी जे असेल ते सांगून टाका, त्या चारचौघात विषय काढत नाहीत. आणि पडवीची खोली आठवणीने मागून घ्या, फक्त १० जुलैच्या आठवड्यात ती मिळणार नाही, ती आमची ड्यू डेट होती, आम्ही दोघांनी तेव्हाचं बुकिंग निघतानाच करून ठेवलंय.