पहिला रणगाडा रंगवायचाय: ब्रश घेऊ की एअरब्रश?

परवा मामेभावाच्या पोराने फोटो पाठवला, टी-३४-८५ या रशियन रणगाड्याचं १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, प्लास्टिकचं मॉडेल, तोफेच्या टोकापासून शेपटापर्यंत जेमतेम सव्वाअकरा सेंटिमीटर, आणि खाली प्रश्न, काका एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) आणि त्याला हवा देणारा कंप्रेसर घेऊनच टाकू का, व्हिडिओत सगळे तेच वापरतात. म्हटलं थांब जरा, पैसे कुठे पळून जात नाहीत.

माझ्याकडे दोन्ही आहे. सहा-सात रणगाडे ब्रशने केलेत, साधारण तेवढेच एअरब्रशने, आणि कपाटाच्या काचेतून बघणाऱ्या एकाही पाहुण्याला आजवर फरक कळलेला नाही. मला कळतो, पण मला माहीतच असतं ना.

कार किंवा विमान असतं तर मी उलटं सांगितलं असतं. चकचकीत लाल कारवर ब्रशचा एक फराटा राहिला की तो जन्मभर डोळ्यात खुपतो. रणगाड्याचं तसं नाही, तो मुळात मॅट, म्हणजे चमक नसलेला, बऱ्याचदा एकरंगी, आणि वरून त्याच्यावर धूळ, चिखल, डिझेलचे ओघळ बसणारच असतात. शिवाय खऱ्या रणगाड्यांना तरी कुठे दरवेळी शोरूम फिनिश होता? फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाडे गडद पिवळ्या रंगात यायला लागले आणि त्यावरचे हिरवे-तपकिरी पट्टे तुकडीतली पोरंच मारायची, घट्ट पेस्टचे डबे मिळायचे, ते पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये पातळ करायचे, स्प्रे गन असली तर तिने, नसली तर ब्रशने. आणि रशियन थंडीत टी-३४ ला चक्क पांढरं फासायचे, आपण गोठ्याच्या भिंतीला चुन्याचा हात देतो तसं. तिथे ब्रशचे फराटे दिसले तर उलट बरोबरच दिसतात!

आता ब्रशचं खरं सांगतो, कारण त्यातही लोक फसतात. रंग कुठला घेताय यावर निम्मं काम ठरतं. टामिया कंपनीचे बाटलीतले अक्रिलिक एअरब्रशमधून सुरेख बसतात पण ते अल्कोहोलवाले, पटकन वाळतात, आणि दुसरा हात मारताना खालचा थर उचलून येतो. मी पहिल्या रणगाड्याला असाच, अल्कोहोलवालाच रंग ब्रशने घासत बसलो होतो, टरेटवर (वरच्या फिरत्या बुरुजावर) अशी साय धरली की शेवटी सगळं पुसून परत सुरुवात केली, चूक माझीच. हाताने रंगवायचं तर पाण्यात मिसळणारे घ्या, व्हॅलेहोच्या ड्रॉपर बाटल्या वगैरे. ते नुसत्या प्लास्टिकवर मात्र धरत नाहीत, नखाने सुद्धा निघतात, म्हणून आधी किट साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, वर प्रायमर (रंग धरावा म्हणून द्यायचा खालचा थर) मारा, रात्रभर सोडून द्या. मग चपटा मऊ सिंथेटिक ब्रश आणि पातळ हात, एक नाही तीन. पहिला हात बघून जीव घाबरतो, ठिगळं ठिगळं दिसतात, तरी तिथेच परत परत ब्रश फिरवायचा नाही. २०-३० मिनिटं पंख्याखाली ठेवा, चहा घेऊन या, मग दुसरा. तिसऱ्याला एकसारखं होतं.

एअरब्रशची बाजू पण मांडतो, नाहीतर म्हणाल काका एकतर्फी बोलतो. १/७२ ला वेल्डिंगच्या रेषा, बोल्टची डोकी इतकी बारीक की जाड रंगाखाली सहज बुजतात. ०.३ मिमी नोझल, १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाब, दुधाइतका पातळ केलेला रंग, एवढं जमलं की थर इतका पातळ बसतो की एकही बोल्ट हरवत नाही. कडा गडद आणि मधला भाग जरा फिका ठेवायचा ती शेडिंग, किंवा मऊ कडांचा कॅमोफ्लाज, हे ब्रशने तसं येतच नाही, मान्य. पण बेस कलरला दहा मिनिटं आणि साफसफाईला अर्धा तास हे गणित कोणी आधी सांगत नाही. एअरब्रशच्या आतल्या सुईचं टोक एकदा वाकलं की रंग पिचकारीसारखा उडतो, कंप्रेसरची घरघर रात्री अकराला फ्लॅटमध्ये चालत नाही, तोंडाला नीट मास्क आणि खिडकीजवळची जागा पाहिजेच. आणि मला तो संच जेवढ्याला पडला तेवढ्यात १/७२ चे चार-पाच किट आले असते. एअरब्रश शिकणं हा स्वतःच एक वेगळा छंद आहे, रणगाडा शिकताना तोही सोबत शिकायचा म्हणजे दोन्हीकडून आबाळ.

मधला मार्ग स्प्रे कॅनचा, तो प्रायमरपुरता ठीक. अमेरिकन शर्मन रणगाड्याचा ऑलिव्ह ड्रॅब (मातकट हिरवा) असा एकरंगी बेसही कॅनने होतो, पण एवढ्याशा मॉडेलवर हात जरा रेंगाळला की रंगाचा ओघळ आलाच. पावसाळ्यात तर कॅन कपाटातच राहू द्या, मुंबई-कोकणच्या दमट हवेत मॅट वार्निशचा स्प्रे मारला की वर पांढरट धुकं बसतं, रंगवलेलं सगळं दुधात बुडवल्यासारखं. जून ते सप्टेंबर मी वार्निशही ब्रशनेच लावतो.

पण खरं सांगू का, रणगाडा रंगाने नाही, वेदरिंगने, म्हणजे धूळ-चिखल-झीज दाखवण्याने उभा राहतो, आणि तिथे एअरब्रशवाला आणि ब्रशवाला एकाच पाटावर बसतात, कारण वॉश, म्हणजे खाचाखोचांत सोडायचा अगदी पातळ ऑइल रंग, दोघांनाही ब्रशनेच करायचा असतो. त्यासाठीच तर खाली अक्रिलिक आणि वर ऑइल ही जोडी धरायची, टर्पेंटाइनने नीट वाळलेलं अक्रिलिक विरघळत नाही. खाली हम्ब्रॉल कंपनीसारखा इनॅमल, म्हणजे तेलावर आधारलेला रंग असेल तर टर्पेंटाइन त्यालाच खाईल, मध्ये अक्रिलिक वार्निश पाहिजेच. इनॅमल हाताने सपाट बसतो हे खरं, पण वाळायला दिवस घेतो आणि घरभर वास, म्हणून नवख्याला नको म्हणतो.

वॉश तयार बाटलीतला घ्यावा की घरी करावा? तयार बाटलीत पातळपणा नेमका असतो, अंदाज चुकत नाही, पण मी घरचाच करतो. स्टेशनरीच्या दुकानात कॅमलची ऑइल कलरची ट्यूब मिळते, बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, बास, एक ट्यूब वर्षानुवर्षं पुरते. वाटाण्याएवढा रंग पुठ्ठ्यावर तासभर ठेवायचा म्हणजे जवसाचं तेल पुठ्ठा पितो आणि रंग मॅट वाळतो, मग टर्पेंटाइनमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ. मॉडेलवर आधी ग्लॉस वार्निश. आता बारीक ब्रशचं टोक बोल्टच्या बुडाशी नुसतं टेकवायचं, रंग आपोआप गोल फिरून बोल्टला कडं घालतो, इंजिनच्या जाळीत तर एका टोकाला टेकवला की रेषेरेषेने पळत सुटतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी रात्री दीडपर्यंत बोल्टच शोधत बसलो होतो! वीसेक मिनिटांनी टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेला ब्रश वरून खाली ओढायचा, पावसाचं पाणी ओघळतं त्या दिशेने. आडवा पुसलात तर डाग दिसतो, उभा पुसलात तर ओघळ. फक्त न रंगवलेल्या प्लास्टिकवर टर्पेंटाइनचं डबकं साचू देऊ नका, ताण असलेला भाग कधीकधी तडकतो.

रंग उडालेले टवके दोन तऱ्हेने करतात, पॅकिंगच्या स्पंजच्या तुकड्याने टिपून किंवा ६बी (मऊ, गडद) पेन्सिलने. १/३५ ला स्पंज चालतो. १/७२ ला हिशोब करा, एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर सव्वासात सेंटिमीटरचा टवका, असे चाळीस मारले तर तो रणगाडा नाही, भंगारवाल्याकडचं पिंप दिसतं. छोट्याला पेन्सिलच, हॅचच्या (वरच्या झाकणाच्या) कडा आणि जिथे माणूस पाय ठेवून चढतो तेवढंच.

धुळीला पिगमेंटच्या (कोरड्या रंगाच्या भुकटीच्या) बाटल्या मस्त, पण सॉफ्ट पेस्टलची कांडी ब्लेडने खरवडली की जवळपास तेच काम होतं. ऑइल पेस्टल आणू नका, ते मेणकट, चिकटून बसतं. रंग कुठला हे युद्ध कुठलं त्यावर. टी-३४ युक्रेनमधला असेल तर तिथली माती आपल्या काळ्या रानासारखी, ओली असताना काळीकुट्ट, वाळली की करडी. १९६५ च्या भारत-पाक युद्धातल्या फिलोराच्या लढाईतला, आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटचा सेंच्युरियन रणगाडा करायचा तर पंजाबची फिकी धूळ, कोकणातली तांबडी माती तिथे शोभणार नाही.

नगरचं रणगाडा संग्रहालय जरूर बघा, सेंच्युरियन कसा अंगाने मोठा आहे ते फोटोत कळत नाही, पण तिथले रणगाडे नीट रंगवून ठेवलेले, चिखल शिकायला उपयोग नाही. त्याला नाक्यावरचा जेसीबी बघा, नाहीतर कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर. चाकाच्या वर चिखल कसा उडालेला असतो, फूटबोर्डची कड कुठे घासून पांढरी पडलीये, ग्रीस सांडून त्यावर धूळ कशी काळी धरते.

तर पोराला यादी पाठवली: एक चपटा ब्रश, एक बारीक, हिरव्या रंगाची एक बाटली, ग्लॉस आणि मॅट वार्निश, बर्न्ट अंबर, काळा, प्रायमरचा कॅन. टर्पेंटाइन हार्डवेअरच्या दुकानातून. एअरब्रश हवाच असेल तर तीन रणगाडे झाल्यावर माझ्या घरी येऊन माझा वापरून बघ म्हटलं, आवडला तर घे. त्याचा काल मेसेज आला, पहिला हात दिलाय, ठिगळं ठिगळं दिसतायत, परत मारू का. मी लिहिलं, पंखा लाव आणि हात लावू नको.