स्टेलारिस: 2300 नंतर घड्याळ का रखडतं?

स्टेलारिस या अंतराळ साम्राज्याच्या संगणकीय खेळात पहिली शंभर वर्षं झरझर जातात. 2200 साली सुरू झालेला डाव 2300 ओलांडतो आणि तारीख हळूहळू जड होत जाते. 2400 नंतर, जेव्हा आकाशगंगेवरचं संकट येऊन खरी लढाई रंगायला हवी, तेव्हा सर्वांत वेगवान गतीलाही वर्ष सरता सरत नाही. इतक्या सुंदर खेळाचा शेवट बहुतेकांना बघायलाच मिळत नाही, हे फार वाईट आहे.

आधी दुखणं ओळखा. कॅमेरा सहज फिरतोय पण तारीख सरकत नाही, तर अडचण प्रोसेसरची आहे. नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन काहीही साधणार नाही. इथे एका कोअरचा (प्रोसेसरच्या एका गणनाभागाचा) वेग आणि मोठी कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) कामाला येते, त्यामुळे एएमडीचे एक्स-थ्री-डी प्रोसेसर उजवे ठरतात. दर एक तारखेला बसणारा झटका मासिक हिशेबाचा असतो.

2018 च्या 2.2 आवृत्तीपासून प्रत्येक पॉपला (लोकसंख्येच्या एककाला) कोणतं काम द्यायचं हे खेळ सतत ठरवत असे. मे 2025 मधल्या 4.0 ने पॉपचे गट केले: वंश, स्तर, विचारसरणी सारखी, तर गट एक. म्हणजे आता नुसत्या लोकसंख्येपेक्षा तिच्यातली विविधता महाग पडते. जनुकीय बदलाचा प्रत्येक नवा साचा नवा उपवंश जन्माला घालतो. दोन-तीन साच्यांवर भागवा. संकरित वंश तयार करणारी झेनो-कम्पॅटिबिलिटी तर डाव मांडतानाच बंद ठेवा.

खरा इलाज तिथेच, मांडणीच्या पडद्यावर आहे. 1000 ऐवजी 400 किंवा 600 तारे घ्या. राहण्याजोगे ग्रह 0.5 पटीवर आणा. सगळ्यात जास्त फरक याच दोन गोष्टींनी पडतो. एआय (संगणकाने चालवलेली) साम्राज्यं आणि हायपरलेनची, म्हणजे ताऱ्यांना जोडणाऱ्या मार्गांची, घनता थोडी कमी करा. गेटवे, म्हणजे दूरच्या ठिकाणी झटकन पोचवणारी दारं, हीही कमीच बरी, कारण चालू झालेला प्रत्येक गेटवे बाकी सगळ्यांशी जोडला जातो आणि ताफ्यांना मार्ग शोधण्याचं काम वाढतं. संकटाचं वर्षही अलीकडे ओढता येतं, 2350 केलंत तरी डाव छान रंगतो.

फरक मोजायचा तर एकच सेव्ह (जतन केलेला डाव) दोनदा चालवा, मॉड (खेळात बदल करणाऱ्या जोडण्या) काढून, 1 जानेवारी ते पुढची 1 जानेवारी, हातात स्टॉपवॉच घेऊन. खेळातला महिना 30 दिवसांचाच असतो, म्हणून तुलना नेमकी होते.

400 ताऱ्यांवर हा खेळ बिनधास्त घ्या. 1000 ताऱ्यांचा पर्याय मात्र साध्या लॅपटॉपवर निवडूच नका: रखडलेल्या डावात ऑटोसेव्हचं (डाव आपोआप जतन होण्याचं) अंतर वाढवलं की तेवढ्यापुरता झटका जातो, वेग परत येत नाही.