जुनी कॉन्टेसा की नवी ओशॅनिस?

लांब सफरीसाठी शिडाची बोट घ्यायची म्हणून दोन्ही चालवून पाहिल्या. मी जुनीच घेणार.

कॉन्टेसा ३२ हा १९७०च्या दशकातला आराखडा: अरुंद, खोल, आणि वजनाचा जवळजवळ अर्धा भाग खाली कीलमध्ये, म्हणजे बुडाखालच्या जड पात्यात. १९७९च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या सागरी शर्यतीतल्या वादळात सर्वांत छोट्या बोटींच्या गटातून एकच बोट शेवटपर्यंत पोचली, ती कॉन्टेसा ३२च होती. समोरची लाट ती कापत जाते, आपटत नाही. हे अंगाला जाणवतं, आणि रात्रभर सुकाणू धरायचं असेल तर यापेक्षा मोठं सुख नाही. आत मात्र अंधार, जागाही तोकडी.

ओशॅनिस ३०.१ मागून ऐसपैस, आत भरपूर उजेड. हलक्या वाऱ्यातही छान पळते. किनाऱ्या-किनाऱ्याने कुटुंबासह फिरणाऱ्यांनी खुशाल हीच घ्यावी. पण रुंद बूड उसळत्या पाण्यात आदळतं, तेव्हा झोप लागणं कठीण.

जुनी घेताना डेक सगळीकडे ठोकून बघा; बद्द आवाज आला तर आत पाणी मुरलेलं असू शकतं. डोलकाठीच्या तारा दहा-पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात, तो खर्च आधीच किमतीतून वजा करून मागा. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा.