८×४२ दुर्बीण: नऊ महिन्यांनंतर

दुर्बीण घेताना घरात वाद झाला होता. ह्यांचं म्हणणं, "एवढं लांब जातोय तर दहापटीची घे!" मी आठपटीवर अडून बसले. एप्रिल २०२५मध्ये ८×४२ घेतली, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. जुलैत स्वालबार्डच्या, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांच्या, क्रूझवर नेली आणि आल्यापासून सिंहगड व्हॅलीत, भिगवणला पक्षी बघायला वापरतेय. आता बोलायला हरकत नाही.

आधी अस्वल, कारण सगळे तेच विचारतात. नॉर्वेने २०२५पासून तिथले नियम कडक केलेत. पांढऱ्या अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, मार्च ते जूनअखेर तर ५००. त्यामुळे मोबाइलच्या फोटोत अस्वल येतं साबुदाण्याएवढं. आम्हाला दिसलं ते बर्फाच्या कडेला झोपलेलं. जहाज थांबलं तरी डेकची थरथर थांबत नाही. ह्यांनी शेजारच्यांची दहापटीची मागून घेतली आणि दोन मिनिटांत परत केली. अस्वल नाचतंय म्हणे! माझ्या आठपटीत ते ३५-४० मीटरवर आल्यासारखं, आणि बऱ्यापैकी स्थिर. मान उचलून त्याने सावकाश जांभई दिली, परत पंजावर डोकं टेकवलं.

पण पैसे वसूल झाले ते अल्कहॉर्नेटला. इसफ्योर्डच्या तोंडाशी हा कडा आहे. झोडियॅकमधून, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटीतून, उतरायचं, लाइफ जॅकेट किनाऱ्यावर ठेवायचं आणि बंदूकधारी गाइडच्या मागे रांगेने चालायचं. पर्वती चढणाऱ्याला तो चढ काहीच नाही, फक्त गमबूट शेवाळात पचपच रुततात. एवढ्या उत्तरेला इतकं हिरवं कसं, ते आधी नाकाला कळतं: कड्यावरच्या हजारो पक्ष्यांची विष्ठा हेच तिथलं खत. त्या हिरवळीवर आखूड पायांचे गुबगुबीत रेनडियर आमच्याकडे ढुंकूनही न बघता चरत होते.

कड्यावर गिलेमॉट हे समुद्रपक्षी खेटून बसलेले. घरटं बांधायची भानगडच नाही, उघड्या दगडावर एकच अंडं. नुसत्या डोळ्यांना काळे-पांढरे ठिपके. दुर्बिणीत मात्र आईबापांच्या मधून डोकावणारं करडं पिल्लू दिसलं. खाली दगडांत तपकिरी कोल्हा बसला होता, नजर वर. ही पिल्लं धड उडता येण्याआधीच समुद्राच्या दिशेने झेप घेतात. जी अलीकडे पडतील ती त्याची. वीस मिनिटं बघत होतो. एकही पडलं नाही. हायसं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडा हिरमोडही झाला.

तक्रारी आहेतच. पुढच्या काचांची रबरी झाकणं सैल आहेत. त्यातलं एक हरवल्याचं किनाऱ्यावर आल्यावर कळलं. तिथे काहीही मागे टाकून यायचं नसतं आणि बंदुकीशिवाय कुणी एकट्याने फिरायचं नसतं, त्यामुळे अख्खी रांग माझ्या झाकणासाठी मागे वळली. सापडलं ते रेनडियरच्या लेंड्यांशेजारी! तेव्हापासून दोऱ्याने बांधून टाकलंय. कंपनीला मेल केला, उत्तर नाही.

सोबतचा पट्टा मानेला काचतो. खांद्यांवरून येणारा हार्नेस वेगळा घ्या. फोकसचं चाक जाड हातमोज्यांत फिरवता येत नाही, आत पातळ मोजे हवेतच. चष्म्यावरून पूर्ण वर्तुळ दिसतं, हे मला फार महत्त्वाचं. गारठ्यातून केबिनमध्ये नेताना पिशवीत बंद ठेवा, नाहीतर काचांवर वाफ धरते.

फक्त तिकडेच न्यायची असेल तर ३२ मिलिमीटर काचेची घ्या, हलकी पडते. उन्हाळ्यात तिथे मध्यरात्रीही ऊन असतं, ४२च्या मोठ्या काचांचं काम पडत नाही. पहाटे सिंहगड व्हॅलीतल्या झाडीत मात्र त्याच काचा कामाला येतात.

डिसेंबरात ह्यांनी स्वतःसाठी दुर्बीण घेतली. आठपटीची. कारण विचारलं तर म्हणतात, स्वस्त पडली.