मेजर जीपला बोलेरोचा रेडिएटर: घ्यावा का, आणि बसवावा कसा

भरलेली महिंद्रा मेजर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढत असेल, किंवा मे महिन्यात पांदण रस्त्याने खताची पोती ओढत असेल, तर तिला बोलेरो डीआयचा रेडिएटर बसवणं फायद्याचं आहे. पण दुकानातून आणला, चार बोल्ट मारले आणि गाडी निघाली, इतकं सोपं ते काम नाही. निम्मा फायदा कोअरचा, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या-जाळीच्या गाभ्याचा, आणि निम्मा श्राउडचा, म्हणजे पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या पेटीचा. श्राउड न बनवता नुसता मोठा रेडिएटर लावला तर पैसे गेले आणि तापमानाचा काटा होता तिथेच राहिला, अशी गत होते.

दोन्ही गाड्यांचं डीआय इंजिन एकाच घराण्यातलं, २५२३ सीसीचं. मेजरमध्ये ते साधं आहे, बोलेरोत पुढे त्यावर टर्बो आला. टर्बोवाल्या इंजिनाला जास्त उष्णता बाहेर टाकावी लागते, म्हणून बोलेरोचा कोअर मोठा. इंजिन ओळखीचं असल्यामुळे पाण्याच्या वाटाही ओळखीच्या, आणि अडचण येते ती मुख्यतः पकडीची आणि जागेची. नंतरच्या पॉवर प्लस बोलेरोचा रेडिएटर मात्र घेऊ नका. तिचं इंजिन तीन सिलिंडरचं, दीड लिटरचं. त्याच्या पाइपांची तोंडं आणि पकडी त्या इंजिनाच्या हिशोबाने आहेत. दुकानात नुसतं ‘बोलेरोचा द्या’ म्हणू नका, ‘डीआय टर्बोचा’ असं स्पष्ट सांगा.

आपल्याकडे विदर्भात इंजिन तापण्याचा हा प्रश्न इतका का पेटतो, त्याचा हिशोब साधा आहे. रेडिएटर किती उष्णता सोडेल हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर फरक ६५ चा. नवतप्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे हवाच ४६ अंशांवर गेली की तो फरक ४९ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि उष्णता काढायची ताकद जवळपास चौथ्या हिश्श्याने कमी. त्यात चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९६-९७ अंशांनाच उकळतं. झाकण ढिलं असलेली जीप घाटाच्या माथ्यावर पाणी फेकते ती यामुळेच.

पैसे घालण्याआधी गाडी नेमकी केव्हा गरम होते ते पाहा. रेतीत, चिखलात, आठवडी बाजाराच्या गर्दीत हळू चालताना काटा चढतो आणि डांबरी रस्त्यावर वेग घेतला की उतरतो, तर खोट हवेत आहे: पंखा, बेल्ट, श्राउड किंवा पुढून बुजलेल्या जाळ्या. रिकामी गाडी ठीक चालते आणि भरून चढावर काटा चढतच जातो, तर पाणी नीट फिरत नाही किंवा कोअर आतून चोक आहे. सकाळी थंड इंजिन चालू केल्याबरोबर रेडिएटरच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) पाहा. तिथे कुठलाच रेडिएटर कामाचा नाही. बेल्टच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो १० ते १२ मिलिमीटर दबायला हवा, जास्त नको. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल, गरम पाण्याच्या भांड्यात दोरीने लोंबता सोडून तपासा. त्याच्यावर ८२ लिहिलं असेल तर त्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

अकोला, अमरावती, बुलडाणा भागातल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, जुना रेडिएटर आतून चोक निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त. विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी वर्षानुवर्षं टाकत राहिलं की क्षार नळ्यांना आतून चिकटतात. झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत पाहा. नळ्यांच्या तोंडाशी पांढरट-तांबूस खपली दिसली तर समजा. इंजिन गरम असताना पण बंद करून कोअरवर ठिकठिकाणी इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. मधेच थंड पट्टा आला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. अशा गाडीला जुन्याच रेडिएटरच्या टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवून घेतली, किंवा नवा कोअर भरला, तरी काम होतं. गाडी हलकी चालत असेल तर तेवढंच करा, बोलेरोच्या वाटेला जाऊ नका.

बदलायचंच ठरलं तर तांबं-पितळेचा घ्यावा की अल्युमिनियमचा? बाजारात दोन्ही मिळतात. अल्युमिनियम कोअर आणि प्लास्टिक टाकीचा हलका असतो, थंडही चांगला करतो, स्वस्तही पडतो. डांबरी रस्त्यावरच्या गाडीला तो बेलाशक लावा. पण धारणी, भामरागड, एटापल्लीकडच्या रस्त्यांवर जीपची चेसिस पिळते, आणि प्लास्टिक टाकी कोअरला जिथे मुडपून बसवलेली असते तिथून पाणी झिरपायला लागतं. त्याला डाग (कथिलाचा जोड) मारता येत नाही. तांबं-पितळेच्याला तालुक्याच्या गावातला रेडिएटरवाला तासाभरात डाग मारून देतो. शिवाय खारं पाणी अल्युमिनियमला भोकं पाडतं. आडरस्त्याच्या गाडीला तांबं-पितळेचाच बरा, जड आणि महाग असला तरी. घेताना पत्र्याच्या घड्या नळ्यांना नीट डाग मारून जोडलेल्या आहेत का ते नखाने हलवून पाहा. नकली मालात घडी नुसती अडकवलेली असते. ती हलते, आणि हलणारी घडी नळीची उष्णता उचलत नाही.

खरेदीआधी चार मापं काढा. जाळीच्या मागे दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमधली रुंदी. खालच्या आडव्या पट्टीपासून बंद बॉनेटच्या आतल्या बाजूपर्यंतची उंची. ही मोजायला पट्टीवर मातीचा गोळा ठेवून बॉनेट बंद करा, गोळा दाबला जाईल तिथे हद्द. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून जुन्या कोअरपर्यंतचं अंतर. आणि इंजिनाच्या दोन्ही पाण्याच्या तोंडांचा बाहेरचा व्यास, व्हर्नियरने. मग पुठ्ठ्याचा रेडिएटरएवढा साचा कापून, त्यावर वरच्या-खालच्या पाइपांची जागा काढून, तो गाडीत उभा करून पाहा. वरचं तोंड थर्मोस्टॅटच्या बाजूलाच यायला हवं. ते उलट बाजूला गेलं तर पाइप पंख्यासमोरून आडवा न्यावा लागतो, आणि तो एक ना एक दिवस पात्यात जातो. जागा कमी पडत असेल तर चेसिसची आडवी पट्टी कापू नका, लहान कोअर शोधा.

आता पकड. रेडिएटर चेसिसला थेट बोल्टने आवळायचा नाही, वेल्डिंग तर मुळीच नाही. जीपची चेसिस खड्ड्यात पिळली की तो पीळ सरळ टाकीच्या जोडावर जातो आणि डाग फाटतो. नवीन रेडिएटर दोन-तीन महिन्यांत गळायला लागला की लोक दुकानदाराला धरतात. बहुतेक वेळा दोष पकडीचा असतो. खाली २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरच्या अँगलची बैठक करा, तिच्यावर १० मिलिमीटर जाड रबर घाला आणि रेडिएटर त्यावर टेकवा. वणी-चंद्रपूरकडे भंगारात कन्व्हेअर पट्ट्याचा तुकडा मिळाला तर त्याहून चांगलं रबर नाही. बाजूंना आणि वर रबर बुश घालून एम ८ चे बोल्ट लावा, खाली नायलॉक नट. आवळताना रबर थोडं फुगलं की थांबा. पूर्ण चेपलं तर रबर असून नसल्यासारखंच. बसवून झाल्यावर हाताने हलवला तर रेडिएटर किंचित हलला पाहिजे.

पंखा आणि कोअर यांच्यात किमान २५ मिलिमीटर अंतर ठेवा. इंजिन आपल्या रबरांवर पुढे-मागे झुलतं, जोरात ब्रेक मारला की पुढे येतं. अंतर जास्त झालं म्हणून वॉटर पंप आणि पंखा यांच्यामध्ये जाड तुकडा घालून पंखा पुढे आणायची पद्धत काही गॅरेजांत आहे, ती टाळा. पंख्याचं वजन बेअरिंगपासून लांब जातं आणि पंप लवकर गळतो. अंतर राहू द्या, श्राउड ते भरून काढतं.

श्राउडवर मात्र वेळ घाला. पंखा गोल, कोअर चौकोनी आणि आता आधीपेक्षा मोठा. श्राउड नसेल तर पंखा फक्त स्वतःसमोरच्या गोलातून हवा ओढतो, चारही कोपरे फुकट जातात, आणि इंजिनाकडची तापलेली हवा कडेने वळून पुन्हा पुढे येते. एक मिलिमीटर पत्र्याची उथळ पेटी करा. ती कोअरच्या चारही कडांना टेकेल अशी, कडेला रबर पट्टी लावून. मागच्या पत्र्यात पंख्याच्या व्यासापेक्षा ४० ते ५० मिलिमीटर मोठं गोल भोक पाडा, म्हणजे पात्याच्या टोकाभोवती २० ते २५ मिलिमीटर फट राहील. भोकाला गोल कडं लावा आणि पात्याची निम्मी रुंदी कड्याच्या आत, निम्मी बाहेर राहील असं बसवा. पातं पूर्ण आत गेलं तर हवा मागे निघताना अडते. पूर्ण बाहेर राहिलं तर कडेने हवा चोरली जाते. पंख्याचा मध्य कोअरच्या मध्यावर नसतो, बहुधा खाली असतो. तो खालीच राहू द्या, पण भोकही त्याच्याबरोबर खाली घ्या. वेळ आणि पत्रा दोन्ही वाचवायचे म्हणून श्राउडची फक्त वरची बाजू करून देतात. ती घेऊ नका.

विजेचा पंखा लावून हे सगळं टाळता येतं, पण जुन्या जीपच्या अल्टरनेटरला तो भार जड जातो आणि धुळीत त्याची मोटर फार टिकत नाही. इंजिनावरचाच पंखा ठेवा.

पाइप साचातला, वळण घेऊन तयार झालेलाच घ्या. सरळ पाइप वाकवून बसवला की गरम झाल्यावर मुरडतो. खालच्या पाइपात स्प्रिंग हवीच. पंप तिथून पाणी ओढतो, आणि स्प्रिंग नसेल तर वेगात पाइप चपटा होतो. गाडी उभी करून तपासली की तो फुगून पूर्ववत झालेला असतो, म्हणून दोष सापडत नाही. तोंडांचे व्यास जुळत नसतील तर पायरीचा रबर जोड वापरा. लहान पाइप साबण लावून मोठ्या तोंडावर ताणू नका.

जुन्या इंजिनाच्या ब्लॉकमधला गाळ नव्या कोअरमध्ये गेला तर आठवड्यात चोक. रेडिएटर जोडण्याआधी थर्मोस्टॅट काढून ब्लॉकमध्ये वरून पाणी सोडा, खालच्या वाटेने स्वच्छ पाणी येईपर्यंत. त्यानंतर वरच्या पाइपात, रेडिएटरच्या तोंडाशी, नायलॉनच्या जुन्या मोज्याचा तुकडा गाळणीसारखा अडकवा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर काढून पाहा. गंजाचे कण निघतात. तो काढायला मात्र विसरू नका.

झाकण ०.९ बार दाबाचं लावा. त्याने पाण्याचा उकळबिंदू सपाटीवर ११८-११९ अंशांपर्यंत जातो. जुन्या गाडीत हा दाब पंपाच्या सीलला आणि ब्लॉकच्या गंजलेल्या बुच्यांना सोसत नसेल तर गळती लगेच दिसेल; ती आधी काढा, कमी दाबाचं झाकण लावून लपवू नका. कूलंट निम्मं घालायची आपल्याकडे गरज नाही, पाणी गोठण्याची भीती नाही. एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर पुरेसं. गंजापासून राखण होते आणि पाणी जास्त असल्याने उष्णता चांगली उचलली जाते. बोअरचं पाणी एक ग्लासही नको.

भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, म्हणजे झाकण सगळ्यात उंच राहील. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा, वरचा पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे निघू द्या. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते; तेव्हा भरा आणि झाकण लावा. गाडी पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पाहा, क्लिपा पुन्हा आवळा. हवा अडकली तर सेन्सर वाफेत राहतो आणि काटा थंड दाखवतो, आत इंजिन मात्र जळत असतं. काटा अचानक खाली आला तर आनंद मानू नका, गाडी थांबवा.

बदल नीट झाला की भरलेली जीप घाटात काटा मध्याच्या थोडा वर नेऊन थांबते आणि माथ्यावर मिनिट-दोन मिनिटांत खाली येते. हळू चालताना फरक आणखी ठळक असतो, तो श्राउडचा. हिवाळ्यात उलट तक्रार येते, इंजिन गरमच होत नाही. मग मिस्त्री म्हणतो व्हॉल खराब असेल, काढून टाकू. थर्मोस्टॅट काढायचा नाही, खराब असेल तर नवा घालायचा. थंड चालणारं डिझेल इंजिन धूर मारतं, तेल पिऊ लागतं आणि लायनर झिजवतं.

देखभाल वाढते, हे धरून चाला. सोयाबीन-तूर निघायच्या दिवसांत कुटार, आणि मेळघाटात गवताची कुसळं जाळीतून थेट कोअरच्या घड्यांत घुसतात. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी पुढे लावू नका, ती हवाच अडवते. चार-पाच मिलिमीटर भोकाची चालेल. साफ करताना हवेचा नोझल इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, कचरा आला त्या वाटेने परत जाईल. सर्व्हिसिंग सेंटरचा पाण्याचा जोरदार फवारा जवळून मारला तर घड्या आडव्या होतात. पावसाळ्यात नाला ओलांडताना पाणी बंपरच्या वर येणार असेल तर आधी पंख्याचा बेल्ट उतरवा. पाण्यात फिरणारी पाती पुढे वाकून कोअर कापतात, आणि नवीन रेडिएटर जायला तेवढा एक नाला पुरतो.

बंपरवरचे मोठे लाइट आणि आडवी स्टेपनी कोअरसमोरून हलवा. आणि काढलेला जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर मजुरीत देऊन टाकू नका. चांगला असेल तर तपासून अडीनडीसाठी घरी ठेवा. मोडीत घातला तरी वजन समोर करून घ्या, तांब्या-पितळेच्या भावाने त्यातून श्राउडचा पत्रा आणि दोन्ही पाइपांचा खर्च सुटू शकतो.