पानांच्या अर्कासाठी डीपीपीएच की फ्रॅप?

पेरूच्या पानांतल्या पॉलीफिनॉल या वनस्पतिजन्य संयुगांची अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायचीय, पण डीपीपीएच आणि फ्रॅप या दोन चाचण्यांपैकी एकच करता येणार आहे?

डीपीपीएचला मेहनत कमी. एकच अभिकर्मक, साधारण अर्धा तास अंधारात, मग ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात त्याचा जांभळा रंग किती उतरला ते पाहायचं. अडचण पानांचीच: अर्काचा स्वतःचा रंग आकडा बिघडवतो. अर्काचं वेगळं ब्लँक (अभिकर्मकाशिवाय नुसत्या अर्काचं मापन) नसेल तर निकालावर माझा तरी विश्वास नाही. शिवाय डीपीपीएच पाण्यात विरघळत नाही.

फ्रॅपमध्ये फेरिक लोहाचं फेरस होतं, निळा रंग चढतो; मापन ५९३ नॅनोमीटरला. द्रावण रोज ताजं, सामू (पीएच) ३.६.

मेथनॉलमधला अर्क असेल तर डीपीपीएच घ्या. पाण्यातला काढा आणि नमुने भरपूर असतील तर फ्रॅप. शरीरातल्या परिणामाबद्दल मात्र दोन्ही गप्प, पाकिटावर काहीही छापलेलं असो.